मोकळे हात आणि गुंतलेले मन

रोजच्या जाण्यायेण्यात दीड-दोन तास घालवणाऱ्या माणसाला ‘हा वेळ सत्कारणी लावा’ असे म्हटले की ते लगेच पटते. चालता-फिरता भाषा शिकवणाऱ्या ध्वनी-ॲपची सगळी मांडणी या एका वाक्यावर उभी असते. कानात इअरफोन घाला, फोन खिशात ठेवा. डोळे आणि हात तुमच्या कामाला मोकळे. ॲप एक वाक्य विचारील, तुम्ही मोठ्याने उत्तर द्याल, ॲप बरोबर उत्तर ऐकवील. पुस्तक नको, वही नको, वर्ग नको. बसमध्ये, स्वयंपाक करताना, फिरायला गेल्यावर, अगदी गाडी चालवतानासुद्धा जर्मन किंवा जपानी शिकता येईल.

हा दावा तपासून पाहण्यासारखा आहे. तो सगळा खोटा नाही, उलट त्यात बरेच काही खरे आहे. जे खरे आहे त्यातूनच त्याची सर्वांत मोठी अडचण कशी उभी राहते, हे आपण पाहणार आहोत.

कानाने भाषा शिकवण्याची कल्पना जुनी आहे. मेणाच्या नळकांड्यांवर ध्वनिमुद्रण होत असे तेव्हापासून भाषेचे धडे विकले जात आहेत. लिंग्वाफोन ही संस्था १९०१ सालची. पण आजच्या बहुतेक ध्वनी-ॲपचा आराखडा ज्यांच्याकडून आला ते पॉल पिम्स्लर हे अमेरिकन भाषाशिक्षणतज्ज्ञ. १९६७ साली त्यांनी ‘स्मरणाचे वेळापत्रक’ अशा अर्थाचा एक छोटा लेख लिहिला. एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने १८८५ मध्ये निरर्थक अक्षरे स्वतःच पाठ करून विसरण्याचा आलेख काढला होता. विसरण्याचा वेग सुरुवातीला फार असतो व पुढे मंदावतो, हे त्यातून दिसले होते. पिम्स्लर यांचे म्हणणे असे की, विसरण्याच्या बेताला आलेला शब्द नेमका त्याच क्षणी आठवायला लावला, तर पुढच्या वेळी तो जास्त काळ टिकतो. म्हणून उजळणीची अंतरे पाचपटीने वाढवत न्यावीत : ५ सेकंद, २५ सेकंद, २ मिनिटे, १० मिनिटे, १ तास, ५ तास, १ दिवस, ५ दिवस, २५ दिवस, ४ महिने आणि २ वर्षे.

आकडे मोठे देखणे आहेत. पण ते धड्यात बसवून पाहिले पाहिजेत. पिम्स्लर पद्धतीचा धडा अर्ध्या तासाचा असतो, दिवसाला एक, आणि एका संचात असे तीस धडे. आता वरची अकरा अंतरे घ्या. पहिली चार धड्यातच येतात. एक दिवस, पाच दिवस व पंचवीस दिवस ही पुढच्या धड्यांत येऊ शकतात. (पंचवीस दिवसांची उजळणी तर फक्त पहिल्या पाच धड्यांतल्या शब्दांच्याच वाट्याला येते.) तासाची आणि पाच तासांची उजळणी मात्र दोन धड्यांच्या मधल्या पोकळीत पडते, आणि चार महिने व दोन वर्षे तर संच संपल्यानंतरची. म्हणजे अकरांपैकी चार अंतरे ध्वनिफितीला पाळताच येत नाहीत. फितीला घड्याळ नसते. ॲपला असते, आणि इथे ॲप फितीच्या खरोखर एक पाऊल पुढे आहे.

आणखी थोडे गणित करू. सूचना, विराम, शिकणाऱ्याचे उत्तर आणि बरोबर उत्तराचा पुनरुच्चार यांना मिळून सरासरी १२ सेकंद धरू. अर्ध्या तासात असे १५० प्रश्न होतील. एका नव्या शब्दाला त्याच धड्यात पाच खेपा लागतात (पहिली ओळख आणि चार उजळण्या), पुढच्या धड्यांत आणखी तीन. एकूण आठ. १५० ला ८ ने भागले की दिवसाला जेमतेम अठरा नवे शब्द बसतात. शब्द नुसते सुटे राहू नयेत, त्यांची वाक्ये व्हावीत यासाठी निम्मा वेळ राखला तर नऊ. तीस धड्यांचे झाले २७०. हे गणित आमच्या गृहीतांवर चालले आहे, पण त्यातून एक अंदाज येतो. ‘महिन्याभरात अस्खलित’ अशी जाहिरात दिसली की विद्यार्थ्यांकडून हा भागाकार करून घ्यावा. पाचवीच्या पुढचा कोणीही करील.

आता या पद्धतीत काय सकस आहे ते पाहू. तिचा कणा म्हणजे ‘ऐका’ असे न म्हणता ‘आठवा आणि बोला’ असे म्हणणे. १९५८ नंतर अमेरिकेतल्या शाळांत भाषा-प्रयोगशाळांचे पेव फुटले होते. रशियाने १९५७ मध्ये स्पुटनिक सोडल्यावर घाबरलेल्या अमेरिकेने शिक्षणावर पैसा ओतला, त्यातला काही विज्ञानाबरोबर परकीय भाषांकडेही वळला. रांगेने मांडलेल्या कप्प्यांत कानाला हेडफोन लावून मुले फितीमागून वाक्ये घोकत. १९६३ मध्ये कीटिंग यांनी न्यूयॉर्क परिसरातल्या सुमारे ५००० फ्रेंच शिकणाऱ्या विद्यार्थ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. जवळजवळ सर्व कसोट्यांवर प्रयोगशाळा न वापरणारी मुलेच सरस ठरली. अपवाद पहिल्या वर्षाच्या उच्चारांचा. तेव्हा या पाहणीवर पुष्कळ वाद झाला, तिच्या पद्धतीवर आक्षेप घेतले गेले, आणि त्यांतले काही रास्त होते. तरी नुसते ऐकून पोपटासारखे म्हणण्याची मर्यादा तिने दाखवली एवढे खरे. पिम्स्लर यांचे वेगळेपण या पार्श्वभूमीवर कळते. त्यांच्या धड्यात पोपटपंची थोडी आणि प्रश्न जास्त.

प्रश्नांची ही ताकद पुढे प्रयोगांनी पक्की केली. कार्पिके आणि रोडिगर यांनी २००८ मध्ये अमेरिकन विद्यार्थ्यांना स्वाहिली भाषेतले चाळीस शब्द अर्थासह शिकवले. एखादा शब्द एकदा बरोबर आठवला की काही गटांत तो पुन्हा फक्त वाचायला दिला, पण विचारला नाही. काही गटांत विचारत राहिले. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा विचारत राहिलेल्या गटांना सुमारे ८० टक्के शब्द आठवले. ज्यांना विचारणे थांबवले होते ते ३५ टक्क्यांच्या आसपास राहिले. पुन्हा पुन्हा वाचल्याने जवळजवळ काहीच फरक पडला नाही. त्याहून बोलका भाग पुढे आहे. ‘आठवड्याने तुम्हाला किती आठवेल?’ असे आधी विचारले होते, तेव्हा सगळ्या गटांनी साधारण निम्मे, असेच उत्तर दिले होते. आपण काय शिकलो याचा अंदाज शिकणाऱ्याला स्वतःला येत नाही. ‘वाचलंय सर, सगळं येतंय’ म्हणणाऱ्या मुलाला वर्गात उभे करणारा प्रत्येक शिक्षक हे जाणून असतो.

पाच सेकंदांच्या पहिल्या अंतराबाबत मात्र शंका घ्यायला जागा आहे. नुकताच ऐकलेला आवाज आपल्या मनात दोनेक सेकंदांच्या एका फिरत्या पट्ट्यावर घोळत राहतो. मनातल्या मनात म्हटला तर जास्त वेळही राहतो. बॅडली व सहकाऱ्यांच्या १९७५ पासूनच्या कामातून हे समजले. पाच सेकंदांनी शब्द परत म्हणायला लावला तर शिकणारा तो स्मृतीतून काढत नाही, त्या पट्ट्यावरूनच उचलून देतो. आठवण्याचे कष्टच पडत नाहीत, मग फायदा तरी कसला? कार्पिके आणि रोडिगर यांनीच २००७ मध्ये वाढत्या अंतरांची व सारख्या अंतरांची तुलना केली. दहा मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत वाढती अंतरे सरस होती. दोन दिवसांनी सारखी अंतरे सरस ठरली. कारण असे दिसले की पहिलीच उजळणी फार लवकर घेतली तर ती सोपी होते आणि वाया जाते. २००८ मध्ये सेपेडा व सहकाऱ्यांनी हजाराहून अधिक लोकांवर केलेल्या प्रयोगात दिसले की योग्य अंतर हे परीक्षा केव्हा आहे यावर ठरते. आठवड्याने परीक्षा असेल तर एक दिवसाचे अंतर चांगले. वर्षाने असेल तर सुमारे तीन आठवड्यांचे. सर्वांसाठी, सर्वकाळ लागू पडणारा पाचाचा पाढा निसर्गात नाही. पिम्स्लर यांनी तो एक सोयीचा अंदाज म्हणून मांडला होता. जाहिरातदारांनी त्याला नियमाचा दर्जा दिला.

उच्चार बसवण्यासाठी पाच सेकंदांची पुनरुक्ती उपयोगी पडते, हे मान्य करायला हवे. अनोळखी ध्वनी जिभेवर रुळायला दोन-चार खेपा लागतातच. परंतु तो जिभेचा व्यायाम झाला. त्याला स्मरणाचे शास्त्र म्हणू नये.

आता मुख्य आक्षेपाकडे वळू. ‘हात मोकळे’ याचा अर्थ ‘मन मोकळे’ असा सर्रास घेतला जातो. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात स्ट्रेयर आणि जॉन्स्टन यांनी २००१ मध्ये एक साधा पण मार्मिक प्रयोग प्रसिद्ध केला. पडद्यावरच्या सरकत्या लक्ष्याचा दांड्याने पाठलाग करायचा आणि लाल दिवा चमकला की झटकन बटण दाबायचे, असे गाडी चालवण्यासारखे काम त्यांनी विद्यार्थ्यांना दिले. काहींना रेडिओ किंवा पुस्तकाचे ध्वनिमुद्रण ऐकवले. त्यांच्या कामात फरक पडला नाही. काहींना फोनवर बोलायला लावले. त्यांचे लाल दिवे चुकण्याचे प्रमाण दुपटीहून अधिक झाले. आणि फोन हातात धरला काय किंवा न धरता बोलले काय, परिणाम सारखाच.

याच लेखातला दुसरा प्रयोग आपल्या विषयाच्या दृष्टीने जास्त महत्त्वाचा आहे. त्यात एका वेळी विद्यार्थ्यांना फोनवर ऐकू येणारे शब्द जसेच्या तसे म्हणायला सांगितले. लक्ष्याचा पाठलाग बिघडला नाही. दुसऱ्या वेळी ऐकलेल्या शब्दाच्या शेवटच्या अक्षराने सुरू होणारा नवा शब्द सांगायचा होता. म्हणजे आपल्या भेंड्याच. आता पाठलाग बिघडला. बोलण्याने बिघडला नव्हता, तो बिघडला शब्द शोधण्याने.

हे दोन्ही निष्कर्ष शेजारी शेजारी ठेवून पाहा. ऐकलेले परत म्हणणे रस्त्यावर निर्धोक आहे, पण त्याने भाषा फारशी येत नाही. प्रश्न ऐकून स्मृतीतून शब्द शोधून काढल्याने भाषा येते, आणि नेमके तेच काम रस्त्यावरचे लक्ष काढून घेते. स्वाहिली शब्दांच्या प्रयोगात ज्या कष्टांनी ८० टक्के मिळवून दिले, त्याच जातीच्या कष्टांनी युटाच्या प्रयोगात पाठलाग बिघडवला. तेव्हा गाडी चालवताना वापरण्याचे भाषा-ॲप एक तर चांगले शिकवील किंवा निर्धोक असेल. दोन्ही एकदम असणे अवघड. काही ॲपमध्ये चालकांसाठी वेगळी सोय असते, ती बटणे मोठी करते, नाही तर काढून टाकते. तिने अडचणीला हातही लागत नाही, कारण अडचण बोटांची नव्हतीच. आपल्याकडे दुचाकीवर इअरफोन घालून जाणाऱ्या तरुणांना तर गाड्यांचे भोंगेही धड ऐकू येत नाहीत. तिथे जपानी क्रियापदे आठवण्याचा सल्ला देणाऱ्याने एकदा संध्याकाळी सहा वाजता पुण्याच्या एखाद्या चौकात उभे राहून पाहावे.

बसमध्ये बसलेला, भांडी घासणारा, टेकडीवर फिरणारा माणूस यांना हा आक्षेप लागू नाही. त्यांच्यासाठी पद्धत चांगली आहे. फक्त भांडी घासताना उत्तर सुचत नसेल तर हात थांबतात, हे ज्याने त्याने पडताळून पाहावे.

ॲपचे दुसरे वचन असते ते ‘तुमचे उच्चार ऐकून सुधारतो’ हे. यंत्राचा कान गेल्या दहा वर्षांत फार तयार झाला, यात वाद नाही. पण तो कशासाठी तयार झाला आहे? माणूस काय म्हणतो आहे ते ओळखण्यासाठी. त्यासाठी यंत्र आवाजाबरोबरच संदर्भाचाही आधार घेते : या शब्दानंतर कोणता शब्द येण्याचा संभव जास्त, हे त्याला लाखो वाक्यांवरून ठाऊक असते. म्हणून अर्धवट, चुकीचा उच्चारही ते समजून घेते. श्रुतलेखनासाठी हा गुण आहे, उच्चार तपासण्यासाठी तोच दोष. चूक पकडणारा कान आणि चूक पोटात घालणारा कान हे वेगळे बनवावे लागतात.

मराठीचेच उदाहरण घ्या. ‘या जगात नीट जग’ या वाक्यात ‘ज’ दोनदा आला आहे आणि दोन्ही वेळा वेगळा. पहिला तालव्य, दुसरा दंततालव्य. लिपीत फरक नाही, म्हणून पुस्तकावरून मराठी शिकणाऱ्याला तो कळत नाही. कानाने शिकणाऱ्याला कळू शकतो. ‘चार गाई’ आणि ‘गाईला चारा चार’ यांतही तेच. इथे ध्वनी-ॲपची बाजू पुस्तकापेक्षा बळकट असायला हवी. परंतु वाक्य ओळखणारे यंत्र शिकणाऱ्याचा कोणताही ‘च’ स्वीकारून ‘शाबास’ म्हणेल, कारण लिहून काढताना दोन्हींचे अक्षर एकच.

त्यात भौतिकशास्त्राची एक भानगड आहे. बिनतारी इअरफोनचा माइक सुरू झाला की अनेकदा आवाज एकदम टेलिफोनसारखा होतो. कारण गाणी ऐकवण्याची ब्लूटूथची जुनी व्यवस्था एकतर्फी आहे. बोलणे आणि ऐकणे दोन्ही हवे असेल तर ती दुसऱ्या, कमी क्षमतेच्या व्यवस्थेवर जाते. तिथे आवाजाचे सेकंदाला ८००० किंवा १६००० नमुने घेतले जातात. ८००० नमुने घेतले तर ४००० हर्ट्झच्या वरची कंपने पोहोचूच शकत नाहीत. ‘स’ची बरीचशी ऊर्जा त्याच्या वर असते, ‘श’ची त्याच्या खालीही असते. दंततालव्य ‘च’चा घर्षणाचा भाग ‘स’सारखा, तालव्याचा ‘श’सारखा. म्हणजे जो भेद शिकवायचा तोच वाटेत गाळला जातो. शिवाय बसच्या इंजिनाची घरघर खालच्या कंपनांची असते आणि मोठा खालचा आवाज आपल्या कानात वरचे आवाज झाकून टाकतो. प्रवासात ध्वनिभेद शिकणे याच कारणाने अवघड आहे. विज्ञानाच्या तासाला हे सहज दाखवता येईल : एकच फीत शांत खोलीत आणि पंख्याजवळ ऐकवून मुलांना ‘स’ आणि ‘श’ मोजायला सांगावेत.

शांततेचा प्रश्नही आहे. बोलणे संपले हे यंत्र शांततेवरून ओळखते. अर्ध्या-एक सेकंदाची शांतता झाली की ते पुढे सरकते. नवी भाषा बोलणारा दोन शब्दांच्या मध्ये एवढा सहज थांबतो. तो विचार करत असतो, आणि हा विचारच शिकणे असते. घाईच्या परीक्षकासारखे यंत्र तिथेच त्याला तोडते. जुन्या फितीवर मोजून ठेवलेला विराम त्या मानाने सभ्य होता.

वेदपाठाच्या परंपरेत घनपाठ म्हणताना शब्द १-२-२-१-१-२-३-३-२-१-१-२-३ अशा क्रमाने उलटसुलट म्हटले जातात. एखादा शब्द निसटला तर क्रमच मोडतो आणि चूक उघडी पडते. लिपीचा आधार न घेता ध्वनी टिकवण्याची एवढी काटेकोर व्यवस्था दुसरी क्वचितच असेल. तिच्यातही समोर बसून ऐकणारा गुरू गृहीत होता.

डोळे बंद ठेवण्याचा आग्रह मला सर्वांत कमी पटतो. ‘मूल आधी ऐकते, मग वाचते, तसेच प्रौढानेही करावे’ असा त्यामागचा युक्तिवाद. पण साक्षर माणूस मूल नसतो. रोझेन्थाल आणि एरी यांनी २००८ मध्ये दुसरी आणि पाचवीच्या अमेरिकन मुलांना अनोळखी शब्द तोंडी शिकवले. काही शब्दांच्या वेळी चिठ्ठीवर स्पेलिंगही दिसत होते, त्याकडे लक्ष वेधले मात्र नव्हते. ज्यांचे स्पेलिंग दिसले ते शब्द, त्यांचे उच्चार आणि अर्थही, जास्त चांगले लक्षात राहिले. इंग्रजीसारख्या बेशिस्त स्पेलिंगच्या भाषेत हे होत असेल, तर जर्मन किंवा स्पॅनिशबद्दल वेगळे सांगायला नको. लिहिलेला शब्द आवाजाला खुंटी पुरवतो. चालताना ऐकावे, पण घरी आल्यावर ते शब्द कागदावर पाहावेत. पाच मिनिटे पुरतात.

मग ही पद्धत कोणाच्या कामाची? बाजारात उत्तर आहे : परदेशी जाणाऱ्या प्रौढांच्या. माझ्या मते तिचे खरे काम वेगळीकडे आहे. १९७० च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मंडळींनी निकाराग्वात रेडिओवरून गणित शिकवले, आणि १९८० च्या दशकात केनियात पहिल्या तीन इयत्तांना रेडिओवरून इंग्रजी शिकवले गेले. धडा अर्ध्या तासाचा. रेडिओ प्रश्न विचारी, थांबे, मुले एका सुरात उत्तर देत, मग रेडिओ बरोबर उत्तर सांगे. आराखडा पिम्स्लर यांच्या धड्याच्या जवळचाच. रेडिओला मुलांचे ऐकू येत नव्हते. वर्गात उभ्या असलेल्या शिक्षकाला येत होते. दोन्ही ठिकाणी रेडिओवर्गातील मुले चाचण्यांत पुढे आढळली.

आपल्या राज्यात मेळघाटातले कोरकू मूल पहिलीत येते तेव्हा त्याची भाषा मुंडा कुळातली असते. गडचिरोलीतल्या माडिया किंवा गोंडी मुलाची द्राविड कुळातली. नंदुरबारमधल्या भिली बोलणाऱ्याची मराठीच्या नात्यातली, तरी वेगळी. शाळेची मराठी या सर्वांना कमीअधिक परकी. त्यांच्यासाठी कोणी ॲप काढणार नाही, कारण त्यांच्यापाशी विकत घेणारा पालक नाही. मात्र असा धडा बनवायला ॲप लागत नाही. साध्या फोनवरचे ध्वनिमुद्रण पुरते. गावातल्याच सहावी-सातवीच्या मुलीने कोरकूत विचारावे : ‘पाणी दे, हे मराठीत कसे म्हणशील?’ विराम. मग मराठी उत्तर, सावकाश. तेच वाक्य दोन मिनिटांनी, दहा मिनिटांनी, दुसऱ्या दिवशी, पुढच्या आठवड्यात. पाच सेकंदांची खेप उच्चारापुरती एकदा. धडा दहा मिनिटांहून लांब नको. पहिलीचे मूल त्यापलीकडे बसत नाही. फोन मधल्या बाकावर ठेवावा, शिक्षकाने वर्गात फिरत कोणाचे ओठ हलत नाहीत ते पाहावे.

विराम किती ठेवावा हा प्रश्न मुद्रण करताना पहिल्यांदा अडतो. उत्तर ठाऊक असलेल्या माणसाला दोन सेकंदही लांब वाटतात, म्हणून सगळेच विराम तोकडे होतात. त्यावर सोपा उपाय म्हणजे ते वाक्य कालच शिकलेल्या एखाद्या मुलाला शेजारी बसवावे, त्याला खुणेने उत्तर द्यायला सांगावे, आणि त्याची मान हलेपर्यंत थांबावे.